तळ्याच्या गाळात जुना पाऊस शोधताना

आपल्याकडे पावसाची नीट, सलग नोंद फार तर दीडशे वर्षांची आहे. हवामान खातं 1875 साली सुरू झालं, त्याआधीचे काही ठिकाणचे आकडे आहेत पण तुटक. त्यामुळे नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जाऊन असा दुष्काळ आधी कधी पडला होता का असं विचारलं तर म्हातारी माणसं 1972 पर्यंत मागे जातात, वाचणारी माणसं 1876 ते 78 च्या दुष्काळाचं सांगतात आणि त्याच्याही मागे गेलं की मग दुर्गादेवीचा दुष्काळ, बारा वर्षं पाऊस नाही, असं ऐकीव. मधल्या शेकडो वर्षांत किती वेळा तळी आटली, किती वेळा सलग पाच-दहा वर्षं पावसाने दडी मारली, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. ते तळ्यांच्या तळाशी साचलंय. आणि नेमका तोच गाळ आपण दर उन्हाळ्यात जेसीबीने उपसतोय, म्हणून हे सगळं लिहायला बसलेय.

मी नाशिकला कॉलेजात भूगोल शिकवते. पुण्याहून एक टीम सिन्नर तालुक्यातल्या एका जुन्या गावतळ्यातला गाळ काढून अभ्यास करणार होती, त्यांना गावात ओळख असलेलं आणि इथली माती माहीत असलेलं कुणीतरी हवं होतं, तर मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांच्यासोबत राहिले, म्हणजे तळं निवडण्यापासून ते प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपखाली बघण्यापर्यंत. वर्गात मी मॉन्सून शिकवते, एल निनो शिकवते, पण पुरावा स्वतःच्या हाताने उचलणं हे वेगळंच असतं, ते सांगायचंय.

सिन्नरच का, तर पावसाच्या हिशोबाने आपला जिल्हा फार विचित्र आहे. इगतपुरीला घाटमाथ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून साठेक किलोमीटरवर सिन्नरच्या पूर्व भागात पाचशेच्या आसपास, तोही पडला तर. अशा काठावरच्या भागात मॉन्सून थोडा जरी ढिला पडला तरी त्याचा मार लगेच दिसतो. घाटात दोनशे मिलिमीटर कमी पडला तर नदीला फरक पडेल, तळ्याच्या गाळात कदाचित काहीच उमटणार नाही. सिन्नरला दोनशे कमी झाला की तळं कोरडं.

आता तळं शोधणं. दख्खनच्या पठारावर नैसर्गिक सरोवरं जवळजवळ नाहीतच, कारण सगळा काळा पाषाण आणि नद्यांनी कापलेला उतार, पाणी थांबायला खोलगट जागाच नाही. मोठं म्हणावं असं एक लोणार, ते पण उल्का पडून झालेलं. बाकी आपण ज्याला तलाव म्हणतो ते बहुतेक माणसाने पाळ घालून अडवलेलं पाणी. गंगापूर, दारणा, नांदूर मध्यमेश्वर ही सगळी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतली. पण जुनी गावतळी आहेत, काही देवळांच्या जोडीने बांधलेली, आणि सिन्नर हे यादवांच्या सुरुवातीच्या राजधानीचं गाव असल्यामुळे त्या भागात जुनं बांधकाम सापडायची शक्यता जास्त. आमच्या तळ्याची दगडी पाळ लोक यादवकाळातली सांगतात. सांगोवांगीला शास्त्रात किंमत नसते असं नाही, पण ती तपासावी लागते, आणि ती तपासायचा रस्ता म्हणजे गाळाच्या सगळ्यात खालच्या थरातली कोळशाची किंवा बियांची कार्बन तारीख, म्हणजे त्यांच्यातल्या कार्बनवरून काढलेलं वय.

ग्रामपंचायतीचा ठराव झाला, परवानग्या झाल्या, त्यात बराच वेळ गेला, ते सोडा. खरी महत्त्वाची गोष्ट घडली ती पारावर. तिथे एक आजोबा बसायचे, ऐंशीच्या पुढचे, त्यांना आम्ही तळ्याच्या पूर्वेकडच्या भागात नळी घालणार आहोत असं सांगितलं तर ते म्हणाले, "तिकडं नका जाऊ ताई, तिकडचा गाळ आम्ही बहात्तरला काढलेला. दुष्काळी काम होतं. घमेल्याने काढून पाळीवर टाकला, सुकडी खायची आन काम करायचं." मग कुठे नाही काढला, असं विचारल्यावर त्यांनी काठीने दाखवलं, "त्या मोरीच्या अंगाला डोह हाये, तिथं गुरांना पाणी ठेवलं होतं, तिथं कुणी हात नाही लावला. मेच्या शेवटाला तेबी आटलं, ही अशी बोटभर भेग पडली."

हे ऐकून पुण्याचे सर वहीत लिहीतच राहिले. कारण पूर्वेला नळी घातली असती तर वरचा गाळ नवा आणि त्याच्या लगेच खाली कित्येक शतकं जुना, मधला सगळा काळ गायब, आणि नुसत्या मातीकडे बघून ते चटकन कळलंही नसतं. गाळाच्या अभ्यासात अशा तुटलेल्या जागा हीच सगळ्यात मोठी अडचण असते. जगात कुठेही सरोवराचा गाळ काढतात तेव्हा आधी सोनार यंत्राने, म्हणजे आवाजाच्या लाटा सोडून, तळ बघतात, कुठे थर सलग आहेत कुठे घसरलेत ते पाहतात. आमच्याकडे आजोबा होते, आणि त्यांची माहिती कुठल्याही यंत्रापेक्षा कमी नव्हती. दुसरी अडचण काळ्या मातीची. आपली काळी माती वाळली की भेगाळते आणि वरचं भुरभुर भेगेतून खाली जातं, म्हणजे कालचं गवत दोन फूट खाली जाऊन बसतं आणि तारखांचा पार विचका होतो. म्हणून जिथे पाणी शेवटपर्यंत टिकतं, भेगा क्वचितच पडतात अशीच जागा पाहिजे असते. डोह दोन्ही हिशोबाने बरोबर बसत होता.

नळी घालायला फेब्रुवारी धरला, तेव्हा पाणी कंबरेपेक्षा थोडं जास्त होतं. एका द्राक्षवाल्या काकांनी निळे ड्रम दिले, त्यावर फळ्या बांधून तराफा केला, मध्ये चौकोनी मोकळी जागा ठेवली, चारी कोपऱ्यांना दोर बांधून काठावर पहारी ठोकून ताणले, कारण तराफा वीतभर जरी सरकला तरी नळी तिरपी जाते. नळी म्हणजे आपली साधी तीन इंची पीव्हीसी, नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या दुकानातून आणलेली, फक्त खालची कड कानसीने घासून धारदार केलेली. आत रबराचा दट्ट्या असतो, त्याला स्टीलची वायर. ही युक्ती मला फार आवडली. दट्ट्या गाळाच्या पृष्ठभागावर आला की वायर वर तराफ्याला पक्की बांधायची, मग नळी खाली ठोकत जायची, दट्ट्या आहे तिथेच राहतो आणि नळी त्याच्या भोवतीने खाली सरकते, त्यामुळे आतला गाळ दाबला जात नाही आणि वर ओढताना खाली गळूनही पडत नाही, कारण वरून हवा शिरायला जागाच नाही.

पहिला मीटर तर नुसत्या हाताने दाबून गेला, वर नुसती राबडी असते. मग लाकडाचा ठोकळा ठेवून घणाचे ठोके. गावातली दोन तरुण पोरं आळीपाळीने ठोकत होती आणि पीएचडीची मुलगी दर ठोक्याला नळीवरच्या खुणा वाचून मोठ्याने सांगत होती, मी लिहून घेत होते. ठोके पडतात तसा आवाज बदलतो, मऊ गाळात धप्प, चिकणमातीत भरीव, आणि एका क्षणी टणक ठण्ण झालं, नळी बोटभरही पुढे जाईना. खाली मुरूम लागला. म्हणजे तळं व्हायच्या आधीची जमीन. तिथे थांबायचं. वर काढायला तिपाईला चेन पुली लावली, आणि हे काम ठोकण्यापेक्षा अवघड, चिकणमाती नळीला असा काही चावा घेते की तराफाच खाली जायला लागतो. सावकाश, एकेक कडी करत, खालचं टोक पाण्याबाहेर यायच्या आधी पाण्यातच हात घालून टोपण लावायचं. थंडगार पाण्यात छातीपर्यंत उभं राहून ज्याने ते टोपण लावलं त्या पोराचं नाव इथे लिहीत नाही, पण सगळा अभ्यास त्या एका क्षणावर होता, हे त्यालाही कळलं होतं.

नळी बाहेर आली की ती आडवी करायची नाही. वरचा गाळ पातळ असतो, आडवी केली की सगळं एकमेकांत मिसळलं. आधी वरचं पाणी बारीक नळीने काढून घेतलं आणि वरचा भाग तिथेच काठावर बसून एकेक सेंटिमीटर वर ढकलत, कापत, पिशव्यांत भरला. प्रत्येक पिशवीवर खोली, तारीख, बाण. बाण वरच्या दिशेचा, हे सर इतक्या वेळा सांगत होते, आणि बरोबरच आहे, कारण एकदा वरचं खालचं झालं तर काळच उलटा होतो. उरलेली नळी टेम्पोत उभी बांधून आणली, घोटी रस्त्याच्या खड्ड्यांतून दोघं जण तिला धरून बसले होते, आणि पुढे पुण्याला चार अंशाच्या कोल्ड रूममध्ये.

नळी उघडणं हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा दिवस होता. पीव्हीसी दोन्ही बाजूंनी कटर मशीनने उभी कापतात, फक्त प्लास्टिक, आतला गाळ नाही. मग मासेमारीची तंगूस ताणून वरपासून खालपर्यंत ओढतात आणि नळी उघडते, दोन अर्धे. एक अर्धा कायम न हात लावता ठेवायचा, पुढच्या कुणालातरी तपासता यावं म्हणून, दुसऱ्यावर काम. तंगुसीमुळे वरचा पापुद्रा सारवल्यासारखा होतो, तो काचेच्या पट्टीने आडवा खरवडायचा, खालून वर कधीच नाही, नाहीतर जुनी माती नव्यावर चोपडली जाते.

आणि मग थर दिसले. वर गडद तपकिरी, सैल, त्यात मुळं आणि एक गुटख्याच्या पुडीचा चकाकता तुकडा. खाली काळपट, इतका गुळगुळीत की खरवडला की चमकतो. त्यात अचानक राखाडी-पांढुरका पट्टा, जेमतेम दोन बोटं जाडीचा, हाताला कचकच लागणारा, आणि त्याच्यात वरून खाली उतरलेली एक काळी रेघ, पाचरीच्या आकाराची. ती भेग होती. तळं वाळलं, तळ तडकला, आणि पुढच्या पावसात वाहून आलेली काळी माती त्या फटीत भरली. मी त्या रेघेवर बोट न लावता बोट धरून किती वेळ बघत होते. आजोबांनी बोटाने दाखवलेली तीच भेग ही असावी, हा विचार डोक्यातून जाईना, पण सर म्हणाले, विचार ठेवा, पण लिहायचं तारीख आल्यावर.

त्याच्या बऱ्याच खाली आणखी असेच पांढुरके पट्टे होते, एक तर चांगला जाड, त्यात वाटाण्याएवढे चुनखडीचे खडे आणि गोगलगायींचे शिंपले, फुटके, जागोजाग. हे काय सांगतं? तळं भरलेलं असताना मध्यभागी बारीक चिकणमाती सावकाश बसते, रेती काठावरच राहते. पाणी उतरलं की काठ आत सरकतो, म्हणजे ज्या जागी आधी चिकणमाती बसत होती तिथे आता रेती, शिंपले, पाणवनस्पतींची मुळं यायला लागतात. आणखी आटलं की पाण्यातलं कॅल्शियम घट्ट होत जातं आणि चुना खाली बसतो. नाशिककरांना गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं की छातीला लागलं यावरून गोदावरीचा पूर कळतो, तसं गाळात रेती, शिंपले आणि चुना यांच्या जागेवरून तळ्याची पातळी कळते, फक्त इथे पूर नाही, ओहोटी वाचायची.

पण नुसत्या रंगावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. पांढरा पट्टा म्हणजे दुष्काळच असं नाही, कुणीतरी वरच्या अंगाला चुनखडीचं शेत नांगरलं असेल तरी ती माती वाहून येऊन पट्टा पडेल. म्हणून एकाच प्रश्नाला वेगवेगळ्या साक्षीदारांकडून उत्तर घ्यायचं असतं, आणि पुढचे महिने मी सुट्टी मिळेल तशी पुण्याला जाऊन हेच बघत होते.

सगळ्यात साधं काम भट्टीचं. थोडा गाळ मुशीत घ्यायचा, 105 अंशाला वाळवायचा, वजन करायचं, मग 550 अंशाला जाळायचा, परत वजन, मग 950 अंशाला, परत वजन. पहिल्या घटीतून सेंद्रिय पदार्थ किती होता ते कळतं, दुसऱ्या घटीतून कार्बोनेट, म्हणजे चुना. आपल्या चिकणमातीत खनिजांना धरून बसलेलं पाणीही 550 ला उडतं, त्यामुळे सेंद्रियचा आकडा थोडा फुगतो, तो धरून चालावं लागतं. पांढऱ्या पट्ट्यांत चुना खरंच वाढलेला निघाला. दुसरं काम चुंबकीयतेचं, नळीवरून एक सेन्सर फिरवतात, गाळात चुंबकीय कण किती ते मोजतो. बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज भरपूर, त्यामुळे डोंगरावरची माती जोरात धुऊन आली की आकडा वर जातो, शांत काळात खाली. वरच्या भागात आकडा चढता आहे, आणि त्याचं कारण पाऊस वाढला असं नसून झाडं तुटली, उतारावर नांगर गेला हेच जास्त पटतं. गाळात पाऊस आणि माणूस दोघांच्याही खुणा एकत्र पडलेल्या असतात, त्या वेगळ्या करणं हेच खरं डोकेफोडीचं काम.

मला स्वतःला सगळ्यात जास्त गुंगवलं ते डायटमने. हे एकपेशीय शैवाल, त्यांचं कवच सिलिकाचं असतं, म्हणून जीव मेला तरी कवच हजारो वर्षं टिकतं. गाळ हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाकून तापवायचा, फसफसून सगळं सेंद्रिय जळून जातं, मग धूत धूत जायचं आणि काचपट्टीवर एक थेंब वाळवायचा. हजारपट मोठं करून बघितलं तर काही कवचं लांब नळ्यांच्या साखळीत जोडलेली, ऑलाकोसायरा म्हणतात त्यांना, ही खुल्या पाण्यात तरंगणारी. काही होडीच्या आकाराची, मधोमध चीर, ही पाणवनस्पतींना किंवा तळाच्या चिखलाला चिकटून राहणारी. तळं खोल तर तरंगणारे जास्त, उथळ आणि शेवाळलेलं तर चिकटणारे जास्त. किती सरळ आहे बघा. काळपट चिकणमातीत ऑलाकोसायरा गर्दी करून होता, आणि पांढऱ्या पट्ट्याकडे जाताना काचपट्टीमागून काचपट्टी तो कमी होत गेला, होड्या वाढत गेल्या, आणि पट्ट्यात तर बहुतेक तुकडेच, मोडकी कवचं. पाणी उतरताना मी बसल्या जागी बघत होते.

परागकणांचं काम मी दुरूनच बघितलं, कारण त्यात मातीतलं सिलिका घालवायला हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरतात, ते हाडापर्यंत जातं, प्रशिक्षण असल्याशिवाय त्याच्या वाफा ओढून घेणाऱ्या हूडजवळ कुणाला उभंही करत नाहीत. पण तयार काचपट्ट्या बघितल्या. बाभळीचे पराग सोळा एकत्र, गोल गुच्छ करून असतात, एकदा बघितले की परत विसरत नाही. गवताचे गोल, एक भोक असलेले. लव्हाळ्याचे, म्हणजे काठावरच्या ओल्या जागेतले. मका दिसला की समजायचं हा गाळ सोळाव्या शतकाच्या अलीकडचा, कारण मका अमेरिकेतून आला, पोर्तुगीजांच्या नंतर. आणि अगदी वरच्या भागात सूर्यफुलाच्या कुळातले बारीक काटेरी कण एकदम वाढतात, त्यात आपलं गाजरगवत. ते 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि मग सगळीकडे पसरलं. त्या कुळातले पराग एकमेकांसारखे दिसतात म्हणून एकट्या त्यावर भिस्त ठेवत नाहीत, पण बाकीच्या तारखांशी जुळलं की दुजोरा मिळतो.

आता तारखा, म्हणजे ज्याशिवाय हे सगळं नुसतं रंगीत चित्र आहे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांसाठी शिसं-210 हे किरणोत्सारी शिसं वापरतात. जमिनीतून रेडॉन वायू हवेत जातो, त्यातून हे शिसं तयार होऊन पावसाबरोबर खाली येतं आणि गाळात पुरलं गेलं की दर बावीस वर्षांनी निम्मं होत जातं. खाली जावं तसं किती उरलंय त्यावरून वय. नमुने डबीत सीलबंद करून तीनेक आठवडे नुसते ठेवावे लागतात, मग गॅमा काउंटरवर दिवसेंदिवस मोजणी. जोडीला सीझियम-137, ते अणुबॉम्बच्या चाचण्यांमधून जगभर पसरलं आणि 1963 ला सगळ्यात जास्त पडलं. आपल्या भागात ते युरोपपेक्षा कमी पडलंय, त्यामुळे शिखर बारीकसं होतं, पण होतं. आणि ते भेगेच्या पांढऱ्या पट्ट्याच्या थोडं खाली होतं, म्हणजे पट्टा 1963 नंतरचा, शिशाच्या हिशोबाने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा. आजोबा बरोबर होते. मी हे त्यांना जाऊन सांगितलं तर ते म्हणाले, "मग मी काय खोटं सांगतो का?" आणि पुढे बहात्तरचं अजून काय काय सांगत बसले, तेही मी लिहून घेतलंय.

खालच्या जुन्या पट्ट्यांसाठी रेडिओकार्बन, म्हणजे सजीवांमधला किरणोत्सारी कार्बन. जीव मेला की तो दर 5730 वर्षांनी निम्मा होत जातो, आणि ही पद्धत पन्नास हजार वर्षांपर्यंत चालते. गंमत म्हणजे यातलं "आज" म्हणजे 1950 साल, त्यानंतर तर अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बनच बदलला. मला आधी वाटलं शिंपले इतके आहेत तर तेच पाठवूया, तर सरांनी समजावलं की शिंपला तळ्याच्या पाण्यातून चुना घेतो, त्या पाण्यात जुन्या चुनखडीचा मेलेला, म्हणजे किरणोत्सार संपलेला, कार्बन विरघळलेला असतो, म्हणून शिंपला आहे त्यापेक्षा म्हातारा दिसतो. जमिनीवर वाढलेल्या झाडाची काडी, बी, कोळसा हे बरं, त्यांनी कार्बन सरळ हवेतून घेतलेला असतो. म्हणून चाळणीवर गाळ धुऊन चिमट्याने कोळशाचे कण वेचायचे, मुगाच्या डाळीएवढा मिळाला तरी पुष्कळ, कारण कार्बनचे अणू थेट मोजणाऱ्या एएमएस मशीनला मिलिग्रॅममध्ये कार्बन पुरतो. जाड पट्ट्याच्या वरून, खालून आणि मुरमाला लागून असलेल्या थरातून वेचलेले कण दिल्लीच्या एएमएसला रांगेत आहेत. तोपर्यंत त्या जाड पट्ट्याला कुठल्याही दुष्काळाचं नाव द्यायचं नाही असं ठरलंय, गावात कुणी कितीही विचारलं तरी.

हे सगळं किती मागे जाऊ शकतं याचा अंदाज यावा म्हणून लोणारचं सांगते. तिथे सरोवरातून दहा मीटरचा गाळ काढला होता आणि त्याचा अभ्यास 2014 साली छापून आला, जवळपास अकरा हजार वर्षांचा मॉन्सून त्यात आहे. त्यात दोन लांबलचक कोरडे काळ निघाले, एक साधारण 4600 ते 3900 वर्षांपूर्वीचा आणि दुसरा 2000 ते 600 वर्षांपूर्वीचा. त्या दोन काळांतच गाळात गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक सापडतात, जे पाणी खूप आटून खारट झाल्याशिवाय बनत नाहीत. यातला पहिला काळ 4200 वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या कोरडेपणाला पोटात घेतो ज्याच्यावरून 2018 मध्ये भूशास्त्रात मेघालयन हा कालखंडच ठरवला, मेघालयातल्या मावम्लूह गुहेतल्या चुनखडी स्तंभावरून. राजस्थानातल्या सांभर, डिडवाना, लुणकरणसरच्या खाऱ्या तळ्यांतही असंच काम 1970 च्या दशकापासून झालंय. आणि आपल्या जिल्ह्याशी जोडायचं तर नाशिकच्या मातीच्या गढीवर 1950-51 ला सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं. प्रवरा-गोदावरी खोऱ्यात भरभराटीला आलेली जोर्वे संस्कृतीची, म्हणजे तांब्या-दगडाची हत्यारं वापरणाऱ्या शेतकऱ्यांची, गावं तीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास एकेक करून ओस पडत गेली. हवामान कोरडं झालं म्हणून, असं मत काही पुरातत्त्वज्ञांनी मांडलंय. हे मत पक्कं करायचं किंवा खोडायचं तर जवळपासच्या तळ्यांचा, नद्यांच्या काठांचा गाळ तपासावा लागेल.

आणि आता जेसीबी. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना 2017 मध्ये सुरू झाली आणि माझा तिला अजिबात विरोध नाही, हे स्पष्ट लिहिते. तळ्यात पाणी जास्त साठतं, शेतकऱ्याला फुकट सुपीक गाळ मिळतो, माझ्या मामांच्या डाळिंबाच्या बागेत मी फरक बघितलाय. पण आम्ही जिथे काम केलं त्याच्या शेजारच्या गावातलं तळं, तितकंच जुनं, मे महिन्यात एका आठवड्यात मुरमापर्यंत साफ झालं. मी गेले तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ढेकळं होती आणि एका ढेकळाच्या तुटलेल्या बाजूवर पांढरा पट्टा स्वच्छ दिसत होता, शिंपल्यांसकट. कुठल्या खोलीवरचा, वरची बाजू कुठली, काही कळायला मार्ग नाही. ते ढेकूळ शेतात गेलं.

यात कुणाचा दोष नाही, कुणी सांगितलंच नव्हतं. आणि वाचवायला लागतं किती कमी! सगळं तळं ठेवायची गरजच नाही. जिथे पाणी शेवटी आटतं त्या जागी, मशीन लावायच्या आधी, खणून एक उभी भिंत साफ करायची, मीटर टेप लावून फोटो काढायचे, आणि त्या भिंतीतून वरपासून खालपर्यंत सलग एक पट्टी काढायची, पत्र्याचा यू आकाराचा चॅनल ठोकून बसवला की गाळ त्यात येतो, किंवा साधी पीव्हीसी नळी उभी अर्धी कापून ठोकली तरी चालतं. प्लास्टिकच्या पातळ फिल्ममध्ये घट्ट गुंडाळायचं, वरच्या टोकाला बाण, गावाचं नाव, तारीख, खोली, जीपीएसचे आकडे. ऊन लागू न देता थंड जागी ठेवायचं. गवंडीकाम येणारी दोन माणसं अर्ध्या दिवसात करतात. आणि त्याच दिवशी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला तळ्यावर आणून विचारायचं की गाळ आधी कधी काढला होता, कुठून काढला होता, कुठल्या वर्षी तळं पूर्ण आटलं होतं, आणि ते रेकॉर्ड करून ठेवायचं.

या जूनच्या आधी येवला आणि नांदगाव बाजूच्या काही तळ्यांवर आम्हाला हेच करायचंय, माझे टीवायचे विद्यार्थी तयार आहेत, चॅनल सातपूरला एका फॅब्रिकेशनवाल्याकडून वाकवून घेतलेत. तुमच्या गावात तळ्याचा गाळ काढायचं ठरलं असेल तर ग्रामसेवकांना किंवा सरपंचांना मशीन येण्याआधी एक दिवस द्यायला सांगा, आणि जवळच्या कॉलेजच्या भूगोल किंवा भूशास्त्र विभागात एक फोन करा.